आवणीच्या दिवसांत सुरू होणारं कॉलेज

जुलैच्या सुरुवातीला घोटीच्या बाजारपेठेत गेलं की दोन प्रकारची धांदल शेजारीशेजारी दिसते. कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी गर्दी आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे दाखल्यांसाठी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. बऱ्याचदा दोन्हीकडे एकाच घरातली माणसं असतात, बाप खताला आणि मुलगी झेरॉक्सला. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथलं मुख्य पीक भाताचं, आणि भाताची आवणी पावसाच्या मर्जीनं चालते. विद्यापीठाचं वेळापत्रक तिला ठाऊक नसतं. त्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग भरू लागतात तेव्हा या भागातली कितीतरी मुलं वाकून रोपं लावत असतात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि घरातला तरणा हात कॉलेजला गेला तर वावर पडून राहतं.

या आठ-दहा दिवसांची नोंद कुठं होत नाही. वर्गात मात्र त्याच दिवसांत पुष्कळ काही ठरून जातं. कोण कुणाशेजारी बसणार, प्रात्यक्षिकाच्या तुकडीत कोण कुणाबरोबर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कोण, कुठल्या सरांना शंका विचारलेली चालते. आवणी उरकून मुलगा वर्गात येतो तेव्हा बाकीचे एकमेकांना नावानं हाका मारत असतात. तो मागच्या बाकावर बसतो. कुणी त्याला तिथं बसवलेलं नसतं, पण पुढं सरकायचं निमित्तही मिळत नाही. पुढं तीन-चार महिन्यांनी तोच मुलगा ‘अभ्यासात लक्ष लागत नाही, डोकं चालत नाही’ म्हणू लागला, की आपण त्याच्या स्वभावात कारण शोधतो. लाजाळू आहे, मनानं कच्चा आहे, मोबाइलच्या नादी लागला.

ही पुस्तिका घोटी आणि आसपासच्या गावांतून पहिल्यांदाच विद्यापीठाच्या शिक्षणाला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि तितकीच त्यांच्या घरच्यांसाठी. विषय मनाच्या आरोग्याचा आहे. तरी प्रस्तावनेची सुरुवात मी आवणीपासून केली, कारण मला सांगायचं आहे ते तिथंच सुरू होतं. नव्या ठिकाणी गेलेल्या मुलाच्या मनावर जो ताण येतो, त्याचा मोठा हिस्सा बसच्या वेळेत, खोलीच्या भाड्यात, जेवणाच्या ताटात आणि वेळेवर न आलेल्या शिष्यवृत्तीत असतो. तिथं हात घातला तर पुष्कळ मुलं सावरतात. जी तेवढ्यानं सावरत नाहीत त्यांना डॉक्टरांची गरज असते, आणि तो डॉक्टर आपल्या जवळ असतो. या दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखता याव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप.

घोटीचं एक वेगळेपण आहे. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो, मध्य रेल्वेचं स्थानक आहे, नाशिक पस्तीसेक किलोमीटरवर. त्यामुळे इथली बरीच मुलं वसतिगृहात राहत नाहीत, ती ‘अप-डाऊन’ करतात. टाकेद, पिंपळगाव मोर, कावनई किंवा वैतरणेकडच्या गावातला मुलगा पहाटे उठून जीपनं घोटीत येतो, घोटीतून एसटी धरतो, गोंदे, वाडीवऱ्हे, विल्होळी मागे टाकत नाशिकला उतरतो आणि तिथून कॉलेजपर्यंत पुन्हा रिक्षा नाहीतर पायपीट. संध्याकाळी हेच उलट. घरच्यांना वाटतं, पोरगं रोज डोळ्यापुढं आहे, काळजी नाही. पण या मुलाचा दिवस नीट बघा. शेवटचा तास संपायच्या आधीच त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण घोटीहून गावाकडे जाणारी शेवटची जीप चुकली तर रात्र घोटीतच काढावी लागते. कॉलेजचं जे जगणं तासांच्या बाहेर घडतं, म्हणजे ग्रंथालयात रेंगाळणं, नाटकाच्या तालमी, कट्ट्यावरचा चहा, मैदान, सरांशी निवांत बोलणं, त्यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. आणि गावात तो अंधार पडल्यावर पोचतो, तेव्हा गावातल्या मित्रांचा दिवस संपलेला असतो. म्हणजे कॉलेजात तो पाहुणा, आणि गावातही हळूहळू पाहुणाच होत जातो. वसतिगृहातल्या मुलाचं एकटेपण निदान दिसतं तरी. अप-डाऊन करणाऱ्याचं दिसतच नाही, कारण तो रोज घरी जेवायला असतो.

यावर मोठा उपाय नाही, छोटे आहेत. आठवड्यातला एक दिवस ठरवून उशिरा निघायचं आणि त्या रात्री नाशिकमधल्या नातेवाइकाकडे किंवा मित्राच्या खोलीवर राहायचं. एसटीतल्या रोजच्या मुलांचा गट करायचा, म्हणजे प्रवासाचे तीन तास तरी कुणाच्या तरी सोबतीत जातात. कॉलेजांनी राष्ट्रीय सेवा योजनेसारखे उपक्रम दुपारच्या सुट्टीत घेतले, तर घोटीची मुलंही त्यात दिसतील. आणि घरच्यांना एक विनंती : पहिल्या वर्षीच्या पहिल्या दोन आठवड्यांत मुलाला आवणीतून मोकळं करा. सावड करून, शेजारच्या घराशी बोलून, काहीही करून. दुसऱ्या वर्षी त्याला खुशाल बोलवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची सोंगणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा पुन्हा एकमेकींवर येतात, तेव्हाही हाच विचार करा.

जी मुलं घर सोडून जातात, पुण्याला, मुंबईला किंवा नाशिकच्याच वसतिगृहात, त्यांना पहिल्या काही आठवड्यांत करमत नाही. संध्याकाळच्या वेळी जास्त. झोप लागत नाही, भूक मरते, घरच्या फोनवर आवाज ऐकला की गळा दाटून येतो. हे जवळपास सगळ्यांना होतं आणि बहुतेकांचं दिवाळीपर्यंत ओसरतं. अडचण अशी की त्या वेळी प्रत्येकाला वाटतं, हे फक्त मलाच होतंय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. त्यांचा आशय एवढाच होता की सुरुवातीला आम्हालाही इथं परकं वाटलं, पुढं ते गेलं. तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं त्यांचं अंतर निम्म्यानं घटलं, त्यांची तब्येतही बरी राहिली. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यांच्या मनात ‘ही जागा माझी आहे का’ हा प्रश्न सारखा जागा असतो. एखादा कमी मार्काचा पेपर, एखादा तुटक शब्द, आणि त्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं : नाही, तुझी नाही. या पुस्तिकेत मोठ्या मुलामुलींनी आपापल्या पहिल्या वर्षाबद्दल लिहिलेली पानं आहेत, ती याच कारणासाठी. त्यांची नावं दिलेली नाहीत.

वर्गात भाषेचाही अडथळा असतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला पदवीच्या वर्गात अचानक सगळं इंग्रजीतून ऐकावं लागतं. पहिल्या तासाला चार शब्द निसटतात, आठवड्यानं सूत्रच निसटतं. तिला विषय येत नाही असं नसतं, पण विचारायचं तर प्रश्नही इंग्रजीत विचारावा लागेल, या धास्तीनं ती गप्प राहते. गावात पहिली आलेली मुलगी वर्गात काठावर पास होते आणि हे घरी कसं सांगायचं याच विचारानं आजारी पडते. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांनी पहिल्या सत्राचा निकाल वर्षभर घरी दाखवला नव्हता. घरच्यांनी विचारलं की ‘लागला नाही अजून’ म्हणायच्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. राज्यात २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. दारं उघडली आहेत, हे खरंच मोठं काम झालं. पण मुलगी आपला त्रास घरी सांगत नाही, कारण सांगितलं की पुढचं वाक्य तिला पाठ असतं : ‘झेपत नसेल तर ये परत.’ परत जाणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे तिला कळतं. म्हणून ती झोप न लागण्याबद्दल बोलत नाही, बसमधल्या त्रासाबद्दल तर नाहीच नाही. त्रास सांगितला तरी शिक्षण बंद होणार नाही, एवढा शब्द आईबापांनी मुलीला जाण्याआधीच दिला, तर निम्मं काम झालं असं मी मानते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे सगळं आजच्या शब्दांत माहीत नव्हतं, पण कळत होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली. नाशिकमध्ये १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचं काम सुरू झालं, त्याचा पाया उदोजी मराठा बोर्डिंग. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवलं, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, खेड्यातून आलेल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय व्हावी म्हणून. या माणसांनी आधी छप्पर आणि ताट पाहिलं, कारण शहरात आलेलं पोर पहिल्यांदा तिथंच मोडतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

ताटाबद्दल थोडं जास्त लिहिते. २०१८ साली राज्याच्या आदिवासी विकास विभागानं शासकीय वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचं ठरवलं. त्याविरुद्ध जुलैत आदिवासी मुलं पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाली. त्यांचं म्हणणं बाहेरच्यांना तेव्हा नीट कळलं नाही. पैसे मिळतायत ना, मग काय बिघडलं? बिघडतं असं की पैसे उशिरा येतात आणि तोवर पोर वडापाववर दिवस काढतं. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : खाणावळीत रोज दोन वेळा सगळी मुलं एकमेकांसमोर येतात. कोण आलं नाही, कुणी अर्धं ताट टाकलं, कोण आठवडाभर एकटंच बसतंय, हे वाढणाऱ्या मावशींना आणि शेजारी बसणाऱ्याला दिसतं. मुलांच्या मनाचं काही बिनसलं तर ते सगळ्यात आधी दिसणारी जागा तीच. ज्या वसतिगृहात पंगत नाही, तिथं खोलीचं दार लावून घेतलेला मुलगा चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी एवढा भाग जरूर वाचावा. समुपदेशक नेमायला मंजुरी लागते, पण रात्रीच्या जेवणाला एक फेरी मारायला लागत नाही.

पैसा आणि सोय असली की सगळं ठीक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. भालचंद्र नेमाड्यांची १९६३ मधली ‘कोसला’ घ्या. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला आलेल्या पांडुरंगच्या घरी पैशाची ददात नव्हती. वसतिगृह होतं, मित्र होते. तरीही तो आतून सुटत सुटत गेला आणि शेवटी गावी परतला. साठ वर्षांनंतरही ही कादंबरी मुलं हातातून खाली ठेवत नाहीत, कारण सोयी असूनही येणारं हे तुटलेपण त्यांना ओळखीचं वाटतं. त्यामुळे आजाराबद्दल सरळ बोलणं भाग आहे.

मानसिक आजार बहुतेक कोवळ्या वयातच डोकं वर काढतात. रोनाल्ड केस्लर यांच्या २००५ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात पाहिलं गेलं, की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे कॉलेजची वर्षं नेमकी या पट्ट्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आठ देशांतल्या एकोणीस कॉलेजांमध्ये पहिल्या वर्षाच्या सुमारे चौदा हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत, दर तिघांतल्या एकाहून थोड्या जास्त जणांमध्ये नैराश्य, चिंता किंवा व्यसन यांसारख्या एखाद्या आजाराची लक्षणं आयुष्यात कधी ना कधी येऊन गेलेली आढळली. त्यात भारत नव्हता. पण आपली मुलं वेगळ्या मातीची आहेत असं धरून चालायला आधार नाही.

मग करमत नसणं आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा? करमत नसलेलं मूल रडतं, पण मित्र आला की हसतं, आवडीचं जेवण जेवतं, दिवसागणिक थोडं सावरतं. दोन आठवडे उलटले, आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक पार बिघडलेली, आंघोळीचाही कंटाळा, ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलणं, असं दिसत असेल तर थांबू नका. कुणी इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, उगाच सगळ्यांवर संशय घेत असेल, रात्र रात्र न झोपता भरमसाट बोलत असेल, तर दोन आठवडेही वाट पाहायची नाही. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथंही तपासणी होते. (त्या महाविद्यालयात शिकायला लातूर-नांदेडकडून आलेल्या मुलांना आपलं घोटी परकं वाटत असतं, हेही लक्षात असू द्या. बाजारात भेटली तर दोन शब्द बोला.)

आपल्याकडे आधी भगताकडे नेतात. त्यावरून मी कुणाला नावं ठेवणार नाही. आईबाप घाबरलेले असतात आणि भगत ओळखीचा असतो, हाताशी असतो. अंगारा लावायचा तर लावा. पण औषध थांबवू नका, उपाशी ठेवू नका, आणि मारझोड किंवा चटके कुणी देत असेल तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र जवळ असल्यानं ‘दहा दिवस विपश्यनेला पाठवा, बरा होईल’ असा सल्लाही सर्रास दिला जातो. निरोगी माणसाला ते शिबिर लाभत असेल, पण तीव्र आजारात दहा दिवसांचं मौन हा उपचार नव्हे. आधी डॉक्टर.

आणखी एक विषय टाळता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. मित्राच्या बोलण्यात मरणाचे, निघून जाण्याचे उल्लेख येत असतील तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं डोक्यात भलतं येतं ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. त्याला एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला कळवा, गुपित ठेवायचं वचन देऊ नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मोफत मिळते, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानलं आहे, त्याला शिक्षेची भीती घालायची नसते. पोलिसांच्या धास्तीनं दवाखान्यात न नेलेली उदाहरणं या भागात घडली आहेत, म्हणून हे ठळकपणे लिहिते आहे.

सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच वर्षी २५ जुलैला न्यायालयानं देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात आहे. आपल्या कॉलेजात ही नेमणूक झाली का, हे विद्यार्थ्यांनी विचारावं, पालकांनीही विचारावं. झाली असेल तर त्या माणसाची खोली कुठं आहे आणि तो कधी भेटतो, हे सूचनाफलकावर लागलं पाहिजे. आणि ती खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून नको. तिथं आत जाताना सगळं कॉलेज बघतं.

घरच्या फोनबद्दलही सांगते. ‘जेवला का? अभ्यास कर. पैसे जपून वापर.’ ‘हां.’ फोन संपतो. यात माया नाही असं कोण म्हणेल, पण मुलाला यात बोलायला जागा सापडत नाही. त्याऐवजी विचारा, आज कुणाबरोबर जेवलास? खोलीत कोण आहे, त्याचं गाव कुठलं? नावं येत असतील तर पोर रुजतंय. दोन महिन्यांनंतरही एकही नाव येत नसेल तर एक दिवस काढून भेटायला जा. रागावायला नको, डबा घेऊन जा.

पुस्तिकेतली प्रकरणं क्रमानं वाचली पाहिजेत असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनी शेवटचं प्रकरण आधी वाचावं. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला तर कुणाकडे जायचं, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत कुठं राहता येईल, हजेरी कमी पडली तर काय करायचं, हे त्यात आहे. मनाबद्दलची प्रकरणं त्यानंतर वाचली तरी चालतील.